शिगेनोची राख

जपानातल्या त्सुचिहारा या कुंभारांच्या गावात चाकावर पुरुष बसतात आणि राख बायका धुतात. शिगेनो लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूने तिला राखेच्या पिंपापाशी बसवलं, त्याला एकेचाळीस वर्षं झाली. भाताच्या पेंढ्याची राख पाण्यात कालवायची, वरचा मळ काढायचा, पाणी ओतून नवं घालायचं. महिनाभर, रोज. बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागेनासं झालं की राख तयार. तिचीच काचेसारखी झिलई भांड्यांवर चढते. घाई केली तर भट्टीत झिलईला फोड येतात आणि सगळा माल फुकट. नवरा तोकुझो कौतुकाच्या बाबतीत पक्का कंजूष, पण दर भट्टीआधी बादलीत बोट बुडवून म्हणायचा, "अगं, राख झकास जमलीय." तेवढ्यावर बाई पुढचे दोन महिने काढायची.

यंदा वसंतात तिला ताप भरला. आठ दिवस पाणी बदललंच नाही. ग्लानीतच उठून तिने बादल्या भरून दिल्या, तोकुझोचं "झकास" ऐकलं आणि पुन्हा अंथरूण धरलं. ताप उतरल्यावर पिंपाच्या तळच्या राखेत बोट घातलं तर बुळबुळीत! तोवर भट्टी पेटली होती. नवऱ्याला कसं कळलं नाही? म्हातारा झाला, दुसरं काय.

सांगायला तोंड उघडेना. भट्टी निवेपर्यंत तिच्या घशाखाली भात उतरला नाही. भट्टीच्या देवापुढे मीठ नि साके, तांदळाची दारू, ठेवून तिने हात जोडले. माझ्या चुकीपायी त्यांचे कष्ट वाया जाऊ देऊ नको.

भट्टी उघडायच्या सकाळी तिने तोकुझोची बाही धरली. "अहो, राख कच्ची राहिली. माझ्याच हातून. काय बोलायचं ते बोला."

तोकुझोने मुलाकडे, कियोनोरीकडे पाहिलं. मुलगा भट्टीच्या तोंडाच्या विटा काढत राहिला.

पहिला वाडगा बाहेर आला. हिरवा, नितळ. दुसरा तसाच. दहावाही तसाच. शिगेनोला आधी हसू फुटलं, मग ते हसू तिथंच थिजलं. कच्च्या राखेची झिलई अशी नितळ येत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"ही कुठली राख?"

"विकतची," कियोनोरी म्हणाला. "पोत्यातून येते. दोन वर्षं झाली, आई. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"आणि माझी?"

सून मित्सुए हळूच म्हणाली, "कांद्याच्या वाफ्यात टाकतो."

"मग भांडी बांधायच्या कागदावर माझा फोटो कशाला? राखेत हात घातलेला?"

"गिऱ्हाइकांना आवडतो," कियोनोरी म्हणाला.

गाढवाने निदान मान तरी खाली घालायची!

पण मुलाचं तिला तेवढं लागलं नाही. ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही? बोट बुडवून, कच्च्या राखेलासुद्धा झकास म्हणालात."

तोकुझो टोपी चुरगाळत उभा राहिला. "तू खूश व्हायचीस," एवढंच म्हणाला.

शिगेनो जमिनीवर बसली. एकेक वाडगा उचलून कडेवरून अंगठा फिरवू लागली. दुपारपर्यंत दोनशे वाडगे झाले, कोणी तिला अडवलं नाही. तिला आपल्या राखेचा एक फोड हवा होता. कुठेतरी, एखाद्या तरी वाडग्यावर. एकही सापडला नाही.