सलादीचे गादीवाफे

बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही. देवापुढे बसलो तेव्हाही दुसरंच काही पुटपुटून उठलो. आता तुम्हाला सांगतो – कसं सांगायचं ते अजून ठरत नाही, पण सांगतो.

चौथीत शाळा सोडून मी रत्नागिरीकडून वऱ्हाडात कारंज्याला आलो. ओळखीच्या एका गृहस्थांनी कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी म्हणून चिकटवलं. राहायला जागा दिली देवकामायनं. विधवा बाई; एक गाय, दोन शेळ्या, गावाबाहेर थोडं शेत. मी हिवतापानं फणफणलो तेव्हा तिनं ज्वारीची आंबील पाजली, माझी ओकारी पुसली. "मायबाप दूर हायेत पोराचे," एवढंच शेजारणीला म्हणाली. मी तिचा कोण होतो?

मडमला सलाद हवी होती – विलायती पाला, कच्चाच खातात. बी तिनं आगबोटीनं मागवलेलं. उन्हाळा तापायच्या आत पानं ताटात यायला हवीत, पाहुणे येणार. मी म्हणालो, होय, जमेल. मला काय येत होतं? आमच्याकडे पावसात मुळं कुजू नयेत म्हणून भाजीला उंच वाफे करतात, तेवढंच ठाऊक. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, दोन्ही बाजूंनी हात पोचेल एवढी रुंदी धरली. गादीवाफे झकास आखले. पण उंच करायला भर कशाची घालायची? नुसती काळी माती उन्हात चिरते. साहेबाच्या तबेल्यातली लीद ताजी, तिनं रोप जळतं. हवं होतं मुरलेलं शेणखत. आणि मडम रोज विचारायची. नोकरी गेली तर घरी कुठलं तोंड दाखवू – डोक्यात तेवढंच.

देवकामायचा उकंडा बंगल्याच्या कुंपणाला लागून होता. गाईचं शेण, चुलीची राख, केरकचरा, वर्षभर टोपलीनं वाहून जमवलेलं. शेताला तेवढाच आधार. शेजारी तिच्या दिराचा, किसनभाऊंचा उकंडा. तिच्याकडे बैल नव्हते. तिचं शेत दरवर्षी किसनभाऊच नांगरून द्यायचे. मध्ये बांधावरून दोन्ही घरं भांडली होती, ते नुकतं कुठं मिटलं होतं.

माघात ती लेकीच्या बाळंतपणाला रिसोडला गेली. ती असती तर मागितलं असतं – असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मागायचीच भीती. नाही म्हणाली तर? एक घमेलं आणलं. मग दुसरं. वरचा ताजा थर तसाच ठेवून बाजूनं पोखरत गेलो. शेवटी भगदाडात कडबा कोंबला आणि वरून शेण थापलं. हे थापणं – हे काही चुकून होत नाही ना?

फाल्गुनात ती परतली. खत शेतात न्यायला गाडी आणली ती किसनभाऊंनीच. पहिल्या फावड्यालाच कडबा निघाला. ती बघत राहिली. मग तिनं शेजारच्या उकंड्याकडे पाहिलं. तो शिगोशीग भरलेला.

"किसन, मागतलं असतं तं मी नाई म्हटलं असतं काय?"

"वयनी, मी कायले नेऊ तुमचं खत? माह्याच घरचं पडून हाय."

"मंग कडबा काय उंदरानं भरला?"

ती माझ्याकडे वळली. "तू तं इथंच होता पोरा. कोनाले पाह्यलं काय?"

आणि मी म्हणालो – किसनभाऊ रोज सकाळी यायचे.

खोटं नव्हतं ते. यायचेच ते, आपल्या उकंड्यावर शेण टाकायला. एवढं पुढचं मी बोललो नाही. किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. चिडले नाहीत. "असं काय रे," म्हणाले, आणि गाडी रिकामीच वळवली.

सलाद? उन्हाच्या पहिल्याच तडाख्यात तिचे दांडे उंच झाले, पानं कडू. मडमनं एक चावून थुंकलं, म्हणाली शेळ्यांना घाल. माझी नोकरी मात्र टिकली.

त्या साली देवकामायचं शेत नांगराविना राहिलं. कोणाकोणाच्या विनवण्या करून उशिरा पेरलं, कपाशी गुडघ्यालाही लागली नाही. पुढच्या साली शेत बटईनं दिलं. किसनभाऊंच्या मुलीच्या लग्नाचा मांडव शेजारीच घातला, तरी ती दार लावून बसली. माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "तू होता म्हनून समजलं बाबा. आपल्या मानसाले कोन ओयखते?" मी भाकरी मोडली – जेवलो.

ती गेली तेव्हा खांदा मी दिला. लोक म्हणाले, परक्या पोरानं पांग फेडले, आणि सख्खा दीर पाहा. किसनभाऊ लांब निंबाखाली उभे होते, पागोटं हातात घेऊन. त्यांना ते ऐकू गेलं. मलाही.

तेव्हासुद्धा मी बोललो नाही.

खत मी नेलं होतं. किसनभाऊंनी नाही.