पहिल्याच बोलीला

सापगावच्या जयरामला बैलाची पारख होती, आणि ते लोकांनी सांगायची वाट तो कधी बघत बसला नाही, स्वतःच सांगे. म्हसा यात्रेत चाळीस वर्षं त्यानं गावाला बैल निवडून दिले. आधी दात बघायचे, मग खूर, मग चालवून बघायचा, आणि शेवटी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचा. समोरच्याची पहिली बोली त्यानं जन्मात मान्य केली नाही. आता भातखाचरात ट्रॅक्टर फिरतात, पण पारख जाते कुठं? बायको वत्सला बाजारातून वांगी आणायची, तर हा त्यांचेही देठ तपासून नाक मुरडायचा.

त्याची दुसरी खोड डाग देण्याची. घरात येईल त्या वस्तूवर तापल्या सळईनं दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक टिंब. कोयत्याची मूठ, पाट, प्लास्टिकची बादली, न्हाणीतला मगसुद्धा सुटला नाही. "मला तेवढा डाग नाय दिलात, नशीब माझं," असं वत्सला म्हणायची.

अशा बापाचा मुलगा दिपेश दोन महिने एका जुन्या खेळण्यापायी झुरत होता. वय अडतीस, भिवंडीच्या गोदामात नोकरी, घरात दोन लेकी. मुरबाडचा कोणी प्रज्वल जुनी यंत्रं विकायचा, आणि त्याच्याकडे हातात धरून खेळायचा एक जपानी व्हिडिओ गेम होता. तसले मोजकेच निघाले म्हणे. किंमत अठरा हजार.

"बाबा, घ्यावा का?" दिपेश रोज विचारी. "फोटो तरी बघा."

"फोटो बघून कोण बैल घेतो का रे?" जयराम मोबाइल दूर सारी. "आणि अठरा हजार? तसला खेळ मी फुकट दिला होता!"

मग ती यात्रेची गोष्ट पुन्हा सुरू व्हायची. दिपेश अकरा वर्षांचा होता. त्याच्या मामानं बोटीवरच्या नोकरीतून असलाच एक खेळ त्याला आणून दिला होता. पोरानं तो यात्रेतही छातीशी धरून नेलेला. चांद्या बैलाचा सौदा पाचशे रुपयांच्या फरकावर अडला. व्यापारी खाली येईना. व्यापाऱ्याच्या पोराचा डोळा मात्र खेळावर. जयरामनं दिपेशच्या हातातून खेळ काढला, सौद्यावर वरकड म्हणून त्या पोराला दिला आणि चांद्याचं दावं सोडून घेतलं. "एका खेळण्यावर बैल आणला, बोल!" असं म्हणून तो मांडीवर थाप मारी. बाकीचे हसत. दिपेश पाणी प्यायला उठे.

शेवटी जयराम वैतागला. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, घ्यावा का, घ्यावा का! "चल, एकदाचा बघून येऊ. खोटा असला तर परत नाव काढायचं नाय."

रविवारी सकाळी दोघं मोटरसायकलवर मुरबाडला निघाले. सरळगाव येईपर्यंत मागच्या सीटवरून जयरामची टकळी चालूच होती. शिकलेली माणसं अशी वेडी होतात, एवढ्यात दुभती शेळी आली असती, आणि लेकी बघतील तर काय म्हणतील! दिपेशनं नुसता गाडीचा वेग वाढवला, आणि त्यामुळं जयराम आणखीच चिडला.

दुकानात चाळिशीकडे झुकलेल्या प्रज्वलनं मऊ कापडातून तो खेळ काढून समोर ठेवला. जयरामनं चष्मा चढवला. कडा बघितल्या, बटणं दाबली, कानाशी नेऊन हलवून बघितला. खोड सापडेना. त्याला फार राग आला.

"एवढा चांगला, तर अठराच कशाला?" त्यानं खोचकपणे विचारलं.

"पाठीमुळं, काका," प्रज्वल म्हणाला. "नायतर पन्नासच्या खाली दिला नसता. कुणा येड्यानं तापल्या सळईनं डाग दिलाय."

जयरामनं खेळ उलटा केला. दोन उभ्या रेघा. मध्ये टिंब.

त्यानं दिपेशकडे बघितलं. दिपेश रस्त्याकडे बघत होता. फोटोत डाग दिसत असणार, हे जयरामच्या आता ध्यानात आलं, आणि दोन महिने दूर सारलेला तो मोबाइल आठवून त्याला स्वतःचीच चीड आली.

"तुला कुठून मिळाला?" त्यानं विचारलं.

"माझा बाप म्हशाच्या यात्रेत बैल विकायचा. एका सौद्यात वरकड आला," प्रज्वल म्हणाला. "ज्याचा होता ना, तो पोरगा रडला पण नाय. नुसता माझ्या हाताकडं बघत राहिला. खरं सांगू? मी हट्ट केला, पण घरी आल्यावर माझं मनच लागलं नाय त्यात. माळ्यावरच पडून होता इतकी वर्षं."

जयरामला तो दिवस आठवला. त्याला दावं आठवलं, चांद्याची शिंगं आठवली, व्यापाऱ्याचं फेटेवालं डोकं आठवलं. आपल्या पोराचा चेहरा काही केल्या आठवेना. तो त्यानं बघितलाच नव्हता.

"बाबा, खोड हाय ना त्यात," दिपेश हळूच म्हणाला. "नको असंल तर ऱ्हाऊ दे. जाऊ आपण."

"गप बस!" जयराम खेकसला. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून पुढं धरलं. प्रज्वल व्यापाऱ्याचा पोरगा, त्याला शिकवावं लागलं नाही. हसत त्यानं खाली हात घातला आणि म्हाताऱ्याच्या घासाघिशीची वाट बघू लागला. जयरामनं बोटं दाबली. प्रज्वलचं हसू थांबलं.

"काका, अठरा? पुरे अठरा?"

"व्हय. घे लवकर."

घरी वत्सला दारातच उभी होती. किंमत ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "अवो, तुमी संगती होता ना? यवढे पारखी! पैला भाव सांगितला नि देऊन आलात? पार ठकलात की!"

दिपेश ओसरीवर बसला होता. दोन्ही बाजूंना लेकी, आणि खेळाचा बारका आवाज येत होता. जयराम चपला काढता काढता तिकडं बघत राहिला.

"आज नाय ठकलो गो," तो म्हणाला. "चांद्या घेतला तवा ठकलो."