डावा पाय आधी

त्याच्याकडे केस कापायला जायचं तर कान घरी ठेवून जावेत, असं गिऱ्हाईकं म्हणत. मोठी बॉक्सिंग मॅच लागली की या न्हाव्याचा एक डोळा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आणि दुसरा टीव्हीवर. टीव्ही होता खुर्च्यांच्या मागच्या भिंतीवर, त्यामुळे तो मॅच बघायचा समोरच्या आरशात. आरशात डावखुरा बॉक्सर उजवा दिसे आणि उजवा डावखुरा, आणि त्यावरून वाद झाला की हा पठ्ठ्या आरशालाच साक्षीला धरी. लोकांनी त्याचं नाव रेफरी ठेवलं होतं. त्यालाही ते मानवलं होतं, कारण खरं नाव कुणी विचारलं की तो क्षणभर आठवल्यासारखं करायचा.

विजेतेपदाच्या मोठ्या लढती परदेशात रात्री होत, आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ असे. त्या सकाळी दाढीचं निमित्त करून अर्धी गल्ली दुकानात जमायची. बाकीच्यांना ठोसे बघायचे असत. रेफरीला गोडी होती ती दोन राउंडच्या मधल्या त्या मिनिटभराची. बॉक्सर कोपऱ्यातल्या स्टुलावर कोसळतो, एक माणूस त्याच्या सुजलेल्या डोळ्यावर गार लोखंड दाबतो, दुसरा भुवईवर व्हॅसलीन थापतो, तिसरा कानाशी ओरडतो. रेफरी तेव्हा कात्री थांबवायचा आणि म्हणायचा, "बघा बघा, हा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघतोय. गेला हा." आणि तो बॉक्सर बहुतेक वेळा जायचाच.

पण लोकांना खरी हाव असे ती त्याच्या नकलेची. जबड्यावर ठोसा बसलेला बॉक्सर पडण्याआधी कसा चालतो, ते रेफरी करून दाखवायचा. टॉवेल गळ्यात, हात अधांतरी, चेहऱ्यावर आपल्याला काहीच झालं नसल्याचा भाव, आणि पाय मात्र दुसऱ्याच कुणाचे. शेजारचा शिंपी हसता हसता बाकावरून खाली घसरायचा. गेल्या दोन वर्षांत तर ही नक्कल फारच हुबेहूब झाली आहे, असं सगळे म्हणत.

बॉक्सिंगचं हे वेड त्याला लावलं थोरल्या भावाने. दादा तरुणपणी पैशांसाठी लढायचा. मोठा कधी झाला नाही. पोस्टरवर त्याचं नाव खाली, बारीक अक्षरांत असायचं; पण त्याच्या प्रत्येक मॅचला धाकटा पहिल्या रांगेत बसून घसा बसेपर्यंत ओरडायचा. आता दादाचे हात थरथरत, शब्द ओठांशी येऊन अडत, चाल झोकांड्यांची झाली होती. इतकी वर्षं डोक्याला बसलेला मार आता बाहेर पडतोय, असं डॉक्टर म्हणाले. रस्त्यातल्या लोकांना हे कुठलं माहीत? "काका, सकाळी सकाळीच?" असं एका दुकानदाराने हसत विचारलं आणि दादाने बाजार सोडला. मग लग्नकार्यं सोडली, मित्र सोडले. उरली ती फक्त रविवारची दाढी. दुपारी दुकान रिकामं झालं की तो यायचा. धाकटा डाव्या तळव्याने त्याचं डोकं धरायचा आणि उजव्या हाताने वस्तरा फिरवायचा. दुसऱ्या कुणाच्या हाती तो मान देत नसे. त्याचं सगळं जग आता त्या एका खुर्चीएवढं उरलं होतं, आणि हे रेफरीला चांगलं ठाऊक होतं.

त्या रविवारी फार मोठी लढत होती. नवव्या राउंडला तगडा गडी बाजूने आलेल्या एका हुकच्या ठोशावर लटपटला, दोरांना धडकला आणि आडवा झाला. दुकान डोक्यावर घेतलं लोकांनी. "रेफरी, होऊन जाऊ दे!" शिंपी ओरडला. रेफरीने वस्तरा ठेवला, टॉवेल गळ्यात टाकला आणि पाय सैल सोडून नक्कल सुरू केली. हशा उसळला, आणि मग दाराच्या बाजूने विझत गेला. रेफरीने तरीही एक पाऊल टाकलंच. मग त्याने आरशात पाहिलं. मागे चौकट धरून दादा उभा होता. त्या दिवशी दुपारी डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून तो सकाळीच निघाला होता.

नक्कल इतकी हुबेहूब कशी झाली, हे रेफरीला तेव्हा कळलं. ती टीव्हीवरून उतरलेली नव्हतीच. त्याला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

दादा आत आला. दारापासून खुर्चीपर्यंत तो त्याच पायांनी चालत आला आणि सगळ्यांनी ते पाहिलं. बसल्यावर तो सावकाश म्हणाला, "छान करतोस. पण एक चुकतंय. आधी... डावा पाय जातो. उजव्याला उशिरा कळतं."

शिंपी हसला. मग बाकीचे हसले, सुटका झाल्यासारखे. आणि रेफरीही हसला. आपण तेव्हा हसलो, हे त्याला पुढे नकलेपेक्षा जास्त डाचत राहिलं.

दाढी करताना तो फक्त "पाणी फार गरम नाही ना?" एवढंच बोलू शकला.

पुढच्या रविवारी दादा आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. रेफरीने टीव्ही लावणं बंद केलं होतं. गिऱ्हाईकं कारण विचारत, तर तो बिघडलाय म्हणून सांगे. शेवटी बायकोच म्हणाली, "सख्ख्या भावाकडे जायला मुहूर्त बघताय का?" तेव्हा सामानाची पेटी घेऊन तो निघाला. वाटेत त्याने बोलायची वाक्यं तीनतीनदा जुळवली.

दादाने दार उघडलं. त्याच्या गालावर वस्तऱ्याचे ताजे काप होते, त्यांवर कागदाचे कपटे चिकटवलेले. हनुवटीखाली खुंटांचा एक पट्टा तसाच राहिला होता.

"जमलं मला," दादा म्हणाला.

जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "दादा, माझं चुकलं रे," एवढंच तोंडून निघालं.

"चुकलं काय त्यात? मी ज्यांना पाडायचो, त्यांची नक्कल मीच करायचो की घरी. तू किती... किती हसायचास."

रेफरीला ते सगळं आठवलं. तो मान खाली घालून पेटीची कडी काढू लागला. "हनुवटीखालचं राहिलंय. काढून देतो ना."

दादाने थरथरता हात हनुवटीवर ठेवला. "राहू दे. शिकेन हळूहळू."

रेफरीने कडी पुन्हा लावली. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता, आणि आत ये, असं दादा काही म्हणाला नाही.