बाई छापखाना बघायला गेल्या तेव्हा

आमच्या शेजारच्या बाईंना जगात कुठेही नुसतं पाहुणी म्हणून जाता येत नाही. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जिथे चार माणसं दिसतील तिथे त्यांचा वर्ग भरतो. लग्नाला गेल्या की वाढायला लागतात, बँकेत गेल्या की रांग सरळ करतात. एकदा आम्ही उरणहून येताना जासईजवळ कंटेनरच्या गाड्यांनी रस्ता अडवला, तर बाई रिक्षातून उतरून हातवारे करत गाड्या सोडायला लागल्या. एका ड्रायव्हरने विचारलं, "मावशी, तुमी पोलीस हाय का?" मराठीची शिक्षिका आहे, असं सांगून बाईंनी त्याला ट्रेलर मागे घ्यायला लावला. त्यानेही तो निमूट घेतला.

म्हणून आमच्या वाचक मंडळाने पनवेलमधल्या एका स्थानिक दैनिकाचं कार्यालय आणि छापखाना बघायचं ठरवलं, तेव्हा मी बाईंकडून गप्प राहायचं कबूल करून घेतलं होतं. छापखान्यात त्या खरंच शहाण्या मुलीसारख्या कागदाच्या रिळांना हात लावून बघत फिरल्या. मग वरच्या मजल्यावर संपादक संगणकावर उद्याचं पान दाखवू लागले. बाईंनी चष्मा पुसला, कुठल्याशा शब्दातली वेलांटी चुकल्याचं सांगितलं आणि एकदम थांबल्या. पानावर एक निधनवार्ता होती आणि फोटो होता त्यांच्याच शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा. गॅदरिंगच्या पडद्याच्या रंगावरून या दोघांचं बोलणं बंद झालेलं. बाजारात सर दिसले की बाई अजूनही भाजी न घेता परत येतात.

बाई खुर्चीत बसल्या. कुणी पाणी आणलं, त्याला त्यांनी हातही लावला नाही. मोबाईल काढला आणि कुठेही न शोधता, पाठ असलेला नंबर लावला.

"सर, आहात ना?"

पलीकडून होकार आला असावा. बाईंचा चेहरा क्षणभर सैलावला, मग नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "मग पेपरात काय करताय?"

गेले होते ते त्याच नावाचे दुसरे गृहस्थ. सरांचा फोटो जुन्या सत्काराच्या बातमीतून चुकून घेतला गेला होता. संपादकांनी तो तिथल्या तिथे काढला, बाईंना हात जोडले आणि आम्हा सगळ्यांना चहा पाजला. खाली मशीन सुरू झालं तसे सगळे ते बघायला धावले. बाई मात्र जिन्यातच कानाला फोन लावून उभ्या होत्या.

परतताना त्यांनी रिक्षावाल्याला एकही सूचना केली नाही. बाहेर बघत म्हणाल्या, "आवाज फार म्हातारा झालाय गं त्यांचा." मग माझ्याकडे वळून, "रविवारी येशील माझ्याबरोबर? एकटीने जायला धीर होत नाही."