समोरचीचं पिंप

आमचं घर तीन मजली आहे, असं मी नव्या माणसाला सांगते. तो वर बघतो. वर पत्रे. मग मी पायाखाली बोट दाखवते. मजले सगळे तिकडे आहेत.

डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीकडे उतरणारी आमची गल्ली. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, घरं खड्ड्यात जातात, मग ज्याची ऐपत असेल तो घरात भरणी घालून लादी वर घेतो. आमची सगळ्यात खालची लादी मी नवी सून होते तेव्हाची, हिरव्या ठिपक्यांची. तिच्यावर डेब्रिज आणि दुसरी, तिच्यावर तिसरी. छप्पर मात्र होतं तिथंच राहिलं. पूर्वी माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागायचं, आता उभ्याउभ्या काढते. म्हातारपणी मी उंच झाले.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होता. कल्याणला मॅट्रिक झालेली, त्यामुळे पाणीसुद्धा आपलं ऐकेल अशी समजूत. पहिली भरणी घातली ती पाण्याच्या धाकाने कमी आणि समोरचीला दिसावी म्हणून जास्त. समोरची म्हणजे समोरच्या घरातली माझ्याच वयाची बाई, जुन्या मिठागरवाल्यांच्या घरातली. आमची लादी वर गेली आणि पुढच्या उधाणाला पाणी आमच्या उंबऱ्याला टेकून तिच्याकडे वळलं. त्या दिवशी मी चहात साखर जास्त घातली होती. शिकलेली ना.

तीही काही कमी नव्हती. "लय चकचकीत हाय गो तुजी लादी, म्हावरं घसरंल," म्हणाली, आणि वर्षभरात स्वतःची लादी आमच्याहून वर घेऊन बसली. मग पाणी आमच्याकडे. मग पुन्हा आम्ही भरणी घातली. संसारभर आम्ही दोघींनी खाडी एकमेकींच्या घरात ढकलली. तिचा नवरा गेल्यावर तिच्याच्याने भरणी झाली नाही, आणि मी जिंकले.

पण पाणी तिच्या उंबऱ्याला लागलं की ती मोरीतल्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपावर उलथणं बडवायची. "आयलं गो, उचल तुजा संसार." शत्रूला आधी खबर देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती आजाराने गेली. घराला कुलूप लागलं. आता पावसाची गरज उरलेली नाही, पुनवेच्या आसपास कडक उन्हातही गटारातून खाडी वर येते. ती गेल्यानंतरच्या पहिल्या उधाणाला भरदुपारी मी भाजी चिरत होते आणि समोरून आवाज आला. टक. टक. बंद घरात पाणी शिरलं होतं आणि रिकामं पिंप तरंगत भिंतीला लागत होतं. एवढं मला कळतं. तरी मी गॅस बंद केला, गादी गुंडाळून वर टाकली आणि दारात जाऊन म्हटलं, "हो गं, उचलते."

पुढे दर वेळी मी तिला उत्तर द्यायची.

"आई, कोणाशी बोलतेस?" मुलगा विचारायचा.

"पिंपाशी. ते निदान वेळेवर बोलतं."

गेल्या वर्षी समाजमंदिरात सभा झाली. शहराचा पुराचा आराखडा बनवणारी एक मुलगी नकाशा घेऊन आली होती. आमची गल्ली निळ्या रंगात होती. निळ्यातल्या घरांना मानपाड्याकडे वरच्या मजल्यावर खोली द्यायचं चाललंय, म्हणाली. मग घरोघर विचारत माझ्यापाशी आली.

"आजी, पाणी येणार हे तुम्हाला किती आधी कळतं?"

"गॅस बंद करून गादी उचलून होते, एवढं आधी."

"कोण सांगतं?"

"शेजारीण."

तिने ते लिहूनही घेतलं.

मुलाचं म्हणणं, एकतर खोली घेऊ, नाहीतर भरणी घालून चौथी लादी. "पण भरणी घातली तर पंखा काढावा लागेल, डोक्याला लागेल." मी म्हटलं, दोन्ही नको, मला आधी कळतं.

मग दिवा गावाहून समोरचीची लेक आली. "मावशी, आमच्याकडे टँकर कधी येईल भरवसा नाही. आईचं पिंप नेते." नको म्हणायला ते माझं थोडंच होतं? रिक्षाच्या मागे ते बांधायला दोरी मीच दिली.

पुढच्या पुनवेला दुपारी पडले होते. पलंगाखाली लोंबलेला हात गार झाला म्हणून जाग आली. घर भरलं होतं, जराही आवाज न करता. माझी एक चप्पल टेबलाच्या पायाभोवती गोल फिरत होती. मोबाईल लावायचा बोर्ड वायरीला लोंबत होता, पाण्यापासून चार बोटं वर. बटण चालू. मेन स्विच दाराशी. पाय खाली टाकला असता आणि तेवढ्यात पाणी आणखी चढलं असतं, तर हे लिहायला दुसरं कोणीतरी शोधावं लागलं असतं.

पाय पोटाशी घेऊन बसून राहिले. समोरच्या कुलपाकडे बघत होते. मोठ्याने म्हटलं, "आलं गं." पहिल्यांदाच मी तिला आधी सांगत होते. तिकडून काही नाही. ओहोटी लागेपर्यंत मी तिच्या दाराकडे कान लावून होते.

संध्याकाळी मुलगा ओल्या लादीवर उभा राहिला, वर पंख्याकडे बघत. "आई, मिस्त्रीला बोलावू?"

"नको. त्या नकाशावाल्या मुलीला फोन कर. सांग, शेजारीण आता सांगत नाही. खोली घेतो म्हणावं."