साळव्यांच्या जबड्यातला खळगा

"मॅडम, फुंकून फुंकूनच झालं ना हे?" खुर्चीत टेकायच्या आधीच साळव्यांनी विचारलं.

विश्रांतवाडीचे साळवे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. पन्नाशी उलटलेली. वरची डावी दाढ दुखते म्हणून डेंटिस्टकडे गेले. तिथे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, तर खालच्या उजव्या जबड्यात, कोपऱ्याजवळ, काळा गोल डाग. सर्जन म्हणाले सिस्ट, म्हणजे हाडातली पाण्याची पिशवी. सोमवारी ऑपरेशन ठरलं. खालच्या ओठाची नस तिथूनच जाते. ती दुखावली तर ओठ बधिर, आणि क्लॅरिनेटवाल्याचा ओठ बधिर म्हणजे कारभार आटोपला.

साळवेबाईंनी क्लॅरिनेट आधीच माळ्यावर टाकलं होतं. "जन्मभर फुंकतायत. हाडाला भोक नाही पडणार तर काय?"

"मग फुगेवाल्यांना जबडाच उरला नसता," मी म्हटलं. साळवे हसले. बाई नाही हसल्या.

कर्वेनगरात माझं स्कॅन सेंटर आहे. ऑपरेशनआधी एक्स-रे दाखवायला दोघं तिथे आले होते. जबड्याचे फोटो वाचणं हेच काम. हा डाग मला खटकला. दाताची सिस्ट सहसा मुळाशी, नसेच्या वर असते. हा नसेच्या खाली, एकटाच, ना सूज ना ठणका. आता साधा एक्स-रे सपाट असतो. हाड आतून पोकळ आहे की बाजूने दबलंय, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून सीबीसीटी स्कॅन केला. तो हाडाचे पावासारखे काप करून दाखवतो.

कापांत पिशवी नव्हतीच. जिभेच्या बाजूने हाडाला खळगा होता, पातेल्याला पोचा येतो तसा. काहींचा जबडा असाच घडतो, आणि शेजारची लाळेची ग्रंथी त्या खळग्यात बसते. हा रोग नाही. माझाच जीव भांड्यात पडला.

सर्जनना फोन लावला. "सर, सोमवारचं रद्द करा. काढण्यासारखं काही नाहीये."

"उघडून बघू की. शंका नको."

"उघडल्यावर लाळेची ग्रंथी भेटेल. तिला काय कारण सांगणार?"

"पाठवा काप."

थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. "रद्द केलं. वर्षाने एक एक्स-रे काढू." माणूस सरळ, अडून बसला नाही.

"म्हणजे वाजवू?" साळव्यांनी विचारलं.

"वाजवा."

बाईंनी पदराने डोळे पुसले. "माळ्यावर तुम्हीच चढा. माझे गुडघे दुखतात."

साळव्यांनी तिथूनच बँडमालकांना फोन लावला. "शेठ, माझा बँडचा कोट कुणाला दिला का? दिला? मग घ्या काढून."

एक्स-रेत काळं दिसलं की भोकच समजू नये, बाजूनेही बघावं, एवढंच सांगणं. बाकी साळवे दारापर्यंत गेले आणि गाल धरून परत आले. ज्या दाढेपायी हे सगळं झालं, ती तशीच दुखत होती. तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.