आठ जिल्ह्यांचे नत्थूजी

एकाहत्तरच्या दिवाळीत नागपूरच्या इतवारीत एकच कुजबुज होती. नत्थूजींनी म्हणे उन्हाळ्यात पुण्याच्या पोराला पन्ह्यातून कसलीशी मुळी पाजली. पोरगा चार दिवसांसाठी नागपूरला आला, अन् पुणंच विसरला! ऐकणारा म्हणायचा, "असं कसं होईल?" आणि तेवढ्यासाठीच पुढच्या दुकानापर्यंत जाऊन सांगून यायचा.

नत्थूजी उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना लावून भिजवायच्या वाळ्याच्या ताट्या विकत. विदर्भाचा अभिमान त्यांना इतका, की महाराष्ट्राच्या नकाशातून त्यांनी आठ जिल्हे कात्रीनं कापून दुकानात चिकटवले आणि उरलेल्या महाराष्ट्राच्या कागदात गिऱ्हाइकांना ताटीचे खिळे बांधून दिले. नवस बोलावा तसं बोलून बसले होते, "या आठाच्या बाहेर पोरगी देणार नाही." पोरगी म्हणजे इंदू. एकुलती एक, आणि चोविशी उलटलेली.

"मंग आता नकाशालेच देता काय पोरगी?" बायको रुख्मिणीबाई विचारत. नत्थूजी ताटी विणत राहत.

अशात शेजारच्या शोभाताईंचा भाचा दिगंबर बँकेच्या कामाला पुण्याहून आला. इंदूनं त्याला पाहिलं, त्यानं इंदूला पाहिलं, आणि शोभाताईंनी दोघांना पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या थेट दुकानात.

"पुण्याचा?" नत्थूजी असे दचकले, जणू बाईनं लंकाच सांगितली. "बरं, पाठवा. आमचं ऊन सोसते का पाहू."

ऐन मे महिना. दिगंबर भर दुपारी हजर. मावशीनं त्याच्या डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, खिशात कांदा कोंबलेला. नत्थूजी खो खो हसले. "काहून गा, लढाईवर निघाला काय? हे ऊन हाय? हे तर चांदनं!" असं म्हणत त्यांनी स्वतःची टोपी काढून खुंटीला टांगली.

"बाप्पा! टोपी तरी घाला," रुख्मिणीबाई ओरडल्या.

"नागपूरच्या मानसाले नागपूरचं ऊन लागते काय वं?"

निघाले. महालातून गांधीसागर तलावापर्यंत नत्थूजी पुढे, दुपट्टेवाला मागे. नत्थूजींनी संत्र्याला हापूसच्या वर बसवलं, भोसल्यांना कुणाकुणाच्या वर बसवलं, मग बोटांवर मोजत जिल्हे सांगू लागले. "नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ..." आणि बुलढाणा यायच्या आत तलावाच्या काठावर आडवे!

दिगंबरनं आपला दुपट्टा भिजवून त्यांच्या डोक्याला गुंडाळला, खिशातला कांदा दगडानं ठेचून तळपायांना चोळला, रिक्षात घालून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट बाहेरगावचा काय?" नत्थूजींनी डोळे घट्ट मिटून घेतले. शुद्धीवर होते, म्हणून तर मिटले.

घरी आल्यावर त्यांनी पोराचा हात धरला. "गल्लीत सांगू नोको गा. ताट्या विकतो मी. तोंड दाखवाले जागा राहनार नाही."

"नाही सांगत," दिगंबर म्हणाला. आणि बाहेर जाऊन त्यानं ओट्यावर जमलेल्या मंडळींना सांगितलं, "मला ऊन लागलं. यांच्याकडे ताट्या आहेत, इथंच पडून राहावं लागेल."

गल्ली खूश! पुण्याचा पोरगा पहिल्याच दुपारी आडवा! आत मात्र आठ दिवस नत्थूजी खाटेवर, आणि दिगंबर ताटीवर पाणी मारतोय. इंदू दोघांना पन्हं करून द्यायची. त्याचा पेला भरायला तिला अंमळ जास्त वेळ लागायचा, हे नत्थूजी अर्ध्या डोळ्यानं पाहत.

नवव्या दिवशी उठले, दुकानात गेले, नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. परत येऊन म्हणाले, "रुख्मिणी, देऊन टाक पोरगी. पुण्याले दे."

"अन् नकाशा?"

"मले ऊन लागलं, तवा नकाशानं पानी मारलं काय माह्यावर?"

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून बसले, आणि रुख्मिणीबाईंनी मुद्दाम पदराचा आवाज करत डोळे पुसले, म्हणजे नत्थूजींचं पुसणं झाकलं जावं.

लग्न आषाढाच्या आधी उरकलं. दिवाळीला जोडपं इतवारीतच, जावई नागपूरच्या शाखेत रुजू! "विदर्भाची माती आहे, धरून ठेवते," नत्थूजी गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाईक मनात म्हणे, माती कसली, मुळी!

पन्ह्यात कैरी, गूळ, मीठ आणि जिरं होतं. इंदूला आईबापांना सोडून जायचं नव्हतं. तिनं दिगंबरला तसं सांगितलं, आणि त्यानं बदलीचा अर्ज केला.